गाडीचा विमा भरला, तरी चालकाच्या घरच्यांना भरपाई का मिळत नाही?

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून कॅशलेस उपचार योजना लागू केली. त्यात प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त १ लाख ५० हजार रुपयांचे उपचार सूचीबद्ध रुग्णालयात मिळतात. गाडीला विमा होता की नव्हता, याच्याशी त्याचा संबंध नाही. सोय मोठी आहे. पण आठव्या दिवसापासूनच्या खर्चाचे काय? आणि कमावता माणूसच गेला तर? तेव्हा घरचे लोक गाडीच्या विम्याचा कागद शोधतात आणि बऱ्याचदा तिथेच निराशा होते.

कारण सोपे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १४६ नुसार जो विमा सक्तीचा आहे, तो ‘थर्ड पार्टी’ विमा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो पैसे देतो. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, म्हणून लोक तो भरतात आणि ‘विमा झाला’ असे समजतात.

समजा, गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि मुलगा चालवतो. रात्री गाडी झाडावर आदळली, दुसरे वाहन नव्हते, मुलगा दगावला. थर्ड पार्टी विम्यातून या घराला काही मिळत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो नोंदणीकृत मालकासाठी, म्हणजे इथे वडिलांसाठी. मुलगा मालक नाही. शेजारी बसलेल्या आईचेही तसेच: खासगी कारला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आतल्या प्रवाशांची जोखीम त्यात धरलेली नसते. पगारी चालकाची स्थिती वेगळी आहे. त्याच्या घरच्यांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार दावा करता येतो.

म्हणून पॉलिसी हातात आल्यावर दोन ओळी आधी वाचा: मालक-चालक अपघात विमा घेतला आहे का, आणि प्रवाशांसाठी काही रक्कम भरली आहे का. ‘माझ्याकडे आधीच १५ लाखांचा अपघात विमा आहे’ असे लिहून दिले तर पहिला भाग गाळता येतो. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी तुमच्या वतीने ती खूण करून टाकली नाही ना, हे जरूर बघा. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यूनंतर २ लाख देते आणि १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला घेता येते. गाडी कोणाची, हे तिथे कोणी विचारत नाही. गाडी चालवणाऱ्या मुलासाठी ती आजच सुरू करावी.

दुसरा घोळ नावाचा. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मालक वारला असेल तर पॉलिसी साधारण तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्यात वारसाने गाडी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्यावे. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे खरे आहे. निदान एखाद्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावे.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेले आणि अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. उलट, एलएमव्ही परवान्यावर हलके व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना दिलासा आहे. ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या अशा वाहनासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. तेवढ्याच कारणाने कोणी दावा फेटाळला तर हा निकाल पुढे ठेवा.

धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर विमा कंपनी कोणती हेच कळत नाही. अशा वेळी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, अर्ज करायचा.

समोरच्या गाडीची चूक असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा ‘क्रियाकर्म, मग बघू’ असे करून ती जाऊ देऊ नका. कामासाठी परराज्यात असताना अपघात झाला तरी दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो.

स्वतःच्या पॉलिसीचा दावा अडला असेल तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.