जागेचा सातबारा ट्रस्टच्या नावावर, साइट कोणाच्या?

२०२४ च्या जूनमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण ट्रस्टच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. आवाज दबलेला होता. "अरे, आपली साइट उघडली की पत्त्यांचा जुगार दिसतोय. काय करू?" मला वाटलं हॅक झाली असेल. पाहिलं तर हॅक वगैरे काही नव्हतं. डोमेनची मुदत संपली होती, कोणीतरी ते नाव विकत घेतलं होतं आणि त्यावर रमीच्या जाहिराती चालू होत्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. पत्ता बॅनरवर छापलेला, पावतीपुस्तकांवर छापलेला, दहावी-बारावीच्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला.

हे नाव घेतलं होतं मोहल्ल्यातल्याच एका मुलाने. साइट त्याने फुकट करून दिली होती, सवाबचं काम म्हणून. शेपूट होतं डॉट ऑनलाइन, कारण पहिल्या वर्षी ते शंभर रुपयांच्या आसपास मिळालं होतं. खातं त्याच्या नावावर, ईमेल त्याच्या कॉलेजच्या काळातला, कार्ड त्याचं. मग तो आखातात नोकरीला गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याची पत्रं त्या जुन्या ईमेलवर येत राहिली, जो कोणी उघडत नव्हतं. या ट्रस्टकडे जागेचा सातबारा आहे, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे, पॅन आहे, दरवर्षीचं ऑडिट आहे. कपाटात सगळं फायलीत लावलेलं आहे. फक्त ज्या पत्त्यावर मुलांना बोलावलं, त्याचा कागद कपाटात नव्हता.

त्या मुलाला दोष देऊन मला मोकळं होता आलं असतं. त्या रात्री मी माझं स्वतःचं खातं उघडलं. त्यात ११ नावं अशी होती जी माझी नव्हती. दोन शाळा, एक जमात ट्रस्ट, सांगलीतला हळदीचा व्यापारी, साताऱ्यातली एक बेकरी, बाकी असेच ओळखीचे. सगळ्यांचा कागदोपत्री धनी मी. मी दिवसा कंपनीत कोड लिहितो, रात्री आणि रविवारी साइट करतो. आज माझ्या बाईकला अपघात झाला, तर या ११ जणांना त्यांचं नाव परत मिळवायला माझ्या बायकोच्या दारात यावं लागलं असतं, आणि तिला डोमेन म्हणजे काय हेही माहीत नाही.

म्हणून आपल्यातल्या वेब डिझाइन करणाऱ्या पोरांना सरळ सांगतो. गिऱ्हाइकाचं डोमेन आपल्या नावावर घेणं ही सेवा नाही. ही दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं नाव लावून घेणं आहे, मग मन कितीही साफ असो.

आता गिऱ्हाइकाकडे येऊ. सांगली-साताऱ्यात साइट करणाऱ्याला ठरलेली वाक्यं ऐकावी लागतात. पाच हजारात ॲमेझॉनसारखी करून द्या. गुगलवर पहिलं नाव आपलं आलं पाहिजे. मजकूर? तो तुम्हीच लिहा, आमचं काम तुम्हाला माहीतच आहे. फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. आणि पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो मोठा पाहिजे, सरकता. रंगावर तीन बैठका होतात. सरकत्या फोटोंच्या क्रमावरून मी ट्रस्टींमध्ये अबोला झालेला पाहिलाय. पण नाव कोणाच्या नावावर घेणार, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकाने आपणहून विचारलेला नाही. गुंठाभर जागा घेताना वकील करणारा माणूस इथे म्हणतो, "ते तुमचं तुम्ही बघा."

डॉट कॉम बहुतेक वेळा मिळत नाही. पहिलं डॉट कॉम १९८५ साली नोंदलं गेलं, म्हणजे हा बाजार चाळीस वर्षं जुना आहे. छोटी, सुटसुटीत नावं केव्हाच उठली. मग चेहरा पडतो. तिथे रजिस्ट्रारचं पान मदतीला येतं: डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट शॉप, डॉट एक्सवायझेड. नाव हवं तसं मिळतं, चकचकीत दिसतं आणि किंमत वडापावाच्या पार्टीइतकी. बेकरीवाल्या पोराने डॉट शॉप बघून टाळी दिली होती. त्याचा आनंद खोटा नव्हता. आपलं नाव कुठलाही आकडा न जोडता, कुठलीही आडरेघ न टाकता मिळणं यात सुख आहेच. मी या नव्या शेपटांचा दुश्मन नाही.

पण त्यांचा हिशेब दुसऱ्या वर्षी कळतो. पहिल्या वर्षीची किंमत ही जाहिरात असते. नूतनीकरणाला अनेकदा दोन-तीन हजारांच्या घरातला आकडा येतो. डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवता येईल यावर करारात मर्यादा आहे. २०१२ च्या फेरीनंतर आलेल्या शेपटांवर तशी मर्यादा नाही. दर वाढवायचा तर कंपनीने रजिस्ट्रारला सहा महिने आधी कळवायचं, एवढंच बंधन. ज्या ट्रस्टचं वर्षाचं बजेट ईदच्या वर्गणीवर ठरतं, त्याला हे आधी सांगायला नको? डॉट इन हजाराच्या आसपास पडतं आणि त्यात असे हिसके कमी असतात. तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं, "डॉट इन म्हणजे जरा हलकं वाटतं." कोणाला हलकं वाटतं? चिपळूणच्या पाहुण्यांना?

फुकटाचंही सांगतो. कॉलेजात आम्ही प्रोजेक्टसाठी डॉट टीके घ्यायचो. टोकेलाऊ नावाच्या बेटांचं ते शेपूट एक कंपनी फुकट वाटत होती. तिच्याकडे गॅबॉनचं डॉट जीएही होतं. २०२३ मध्ये गॅबॉनने आपलं शेपूट परत घेतलं आणि त्यावरची लाखो नावं पुसली गेली. त्याच वर्षी कंपनीने नवीन नोंदण्या थांबवल्या, पुढच्या वर्षी धंदाच सोडला. आमची प्रोजेक्ट गेली याचं दुःख नाही. पण कोणी त्यावर कबरस्तानच्या निधीचं पान चालवत असता तर?

सांगलीतल्या एका मटण दुकानदाराने मला विचारलं होतं, "डॉट हलाल मिळंल का रे?" तो हसत विचारत होता, पण प्रश्न पोकळ नव्हता. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०१२ मध्ये नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले आणि १९३० अर्ज आले. त्यात एका तुर्की कंपनीने डॉट इस्लाम आणि डॉट हलाल मागितलं. संयुक्त अरब अमिरातीने आणि आपल्या भारत सरकारनेही हरकत घेतली, पुढे इस्लामी देशांच्या संघटनेनेही घेतली. वाद सहा वर्षं चालला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आयकॅनच्या मंडळाने हे अर्ज पुढे नेऊ नयेत असं ठरवलं. भांडण नाव चांगलं की वाईट यावर नव्हतं. या नावाची किल्ली एका खासगी कंपनीच्या हातात का, ज्या लोकांचं हे नाव आहे त्यांना कोणी विचारलं का, यावर होतं. एवढ्या मोठ्या पातळीवर जो प्रश्न सरकारांना पडला, तो मोहल्ल्याच्या पातळीवर आपल्याला पडत नाही.

डॉट ऑर्गबद्दलही भ्रम आहे. ट्रस्टी मोठ्या अदबीने सांगतात, "आम्हाला ऑर्गच पाहिजे, ते नोंदणीकृत संस्थांनाच मिळतं." अजिबात नाही. ते कोणालाही मिळतं, मला आत्ता मिळेल. तुमच्याच ट्रस्टचं नाव दुसऱ्या शेपटाने घेऊन, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्यावर स्वतःचा क्यूआर कोड लावायला कोणाला दहा मिनिटं लागतील. शेपटाला वजन येतं ते दारावर कोणी उभं असेल तरच. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तिथे वाट्टेल त्याला नाव मिळत नाही, नोंदणी एकाच ठिकाणी होते, म्हणून ग्राहकाला ते शेपूट बघून काही कळतं. आपल्या भागातल्या सहकारी बँकांनाही हे करावं लागलं. बाकी शेपटांवर दारवान नाही; तिथे सावध राहायचं काम तुमचं.

मिरजेचं उदाहरण बघा. सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या सतार आणि तानपुरे घडवणारी आपली कुटुंबं आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मिळालं. म्हणजे 'मिरजेचा तानपुरा' असं कोण म्हणू शकतं याची नोंदवही आता आहे, चेन्नईला. त्यासाठी कारागिरांना किती कागद गोळा करावे लागले असतील! पण मिरज आणि सतार हे शब्द जोडून डॉट स्टोअर घ्यायला कोणालाही कारागीर असावं लागत नाही, मिरज पाहिलेली असायलाही नको. जो आधी येईल त्याला नाव. भांडता येतं, डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलंय, आणि डॉट इनसाठी तक्रारीची वेगळी व्यवस्थाही आहे. पण तानपुऱ्याचा भोपळा कोरणाऱ्या माणसाने हा खटला चालवायचा कधी? वेळेवर नाव घेणं फार स्वस्त पडतं.

थोडं विषयांतर. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतंय, उर्दू लिपीतलंही आहे. आपण मराठीच्या हक्काबद्दल एवढं बोलतो, पण मी एकाही गिऱ्हाइकाला ते घेऊन दिलेलं नाही. अडचणी खऱ्या आहेत: त्यावरचा ईमेल कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत, लोक टाइप करताना अडखळतात. तरी दुसरं नाव म्हणून घ्यायला काय हरकत होती? मला सुचलंच नाही, हे खरं उत्तर.

आता पोरांचे आक्षेप. पहिला: ट्रस्टींना ओटीपी कळत नाही, पासवर्ड हरवतात, शेवटी मलाच निस्तरावं लागतं. मान्य. पण म्हणून बँकेचं खातं आपण अकाउंटंटच्या नावावर उघडतो का? संस्थेच्या नावाचा एक ईमेल काढा, कोण्या सलीमभाईचा किंवा पाटीलसरांचा नको. ऑफिसचा नंबर लावा. किल्ली दोघांकडे ठेवा. डोमेनचं नाव, रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख ठराव करून प्रोसिडिंग बुकात लिहा. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा; दहा वर्षांपर्यंत भरता येतात. त्याहून जास्त कोणालाच मिळत नाही, कारण डोमेनची मालकी नसतेच, तो भाडेपट्टा आहे. पट्टा कोणाच्या नावाचा, एवढंच आपल्या हातात.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण चहाच्या टपरीवर सगळे बोलतात: गिऱ्हाईक पैसे बुडवतं, डोमेन आपल्याकडे असलं की नाक दाबता येतं. माझेही पैसे बुडालेत, आपल्याच माणसांनी बुडवलेत, "घरचं काम आहे" म्हणून. इलाज म्हणजे अर्धे आगाऊ घ्या, उरलेले मिळाल्याशिवाय साइट चढवू नका. केलेलं काम रोखून धरा, ते तुमचं आहे. नाव रोखून धरू नका. फुकटही करू नका. फुकटच्या कामाला ना पावती असते ना जबाबदारी, आणि त्या ट्रस्टचं नेमकं तिथेच चुकलं.

२०२५ मध्ये वक्फच्या नोंदणीसाठी उमीद पोर्टल आलं आणि सहा महिन्यांची मुदत लागली, तेव्हाची धावपळ आठवा. पिवळे पडलेले उतारे, कोणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पत्र, मोडी वाचणारा माणूस शोधत तालुक्याला फेऱ्या. नाव वेळेवर लावलं नाही याची किंमत काय असते हे मी अब्बांच्या पिढीला त्या महिन्यांत मोजताना पाहिलं. त्याच बैठकांना आमच्याकडे एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसायचा, स्कॅन करायला. जमातीच्या साइटचं डोमेन त्याच्या जीमेलवर होतं. मी विचारलं तेव्हा त्याला आठवायलाच वेळ लागला.

माझ्या ११ पैकी नऊ नावं मी गेल्या दीड वर्षात ज्याची त्याला दिली. काम कठीण नाही: कुलूप उघडायचं, कोड द्यायचा, त्यांच्या खात्यात घ्यायचं. चहा धरून तासाभराचं काम. हळदवाल्यांनी तर स्वतः ठरवून डॉट इनही घेतलं. दोन राहिलीत. एका शाळेत नवीन समिती यायची आहे. दुसऱ्या जमातीच्या सदरसाहेबांकडे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "राहू दे की रे तुझ्याकडंच. तू काय परका आहेस?" त्या नावाची मुदत मार्चमध्ये संपते. आठवणीचा ईमेल मलाच येणार आहे.