निकालाच्या दिवशी वर्षाचा हिशेब

आज महाराष्ट्र दिन. १९६० साली आपले राज्य अस्तित्वात आले तो हा दिवस, आणि प्राथमिक शाळांच्या वर्षात हाच निकालाचाही दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे सकाळी झेंडावंदन होते, राज्यगीत होते, सरपंच किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दोन शब्द बोलतात, मुलांना खाऊ मिळतो. मग मुले आपापल्या वर्गात बसतात आणि बाई किंवा गुरुजी एकेकाचे नाव घेऊन प्रगतिपत्रक हातात देतात. ते घेऊन पोर घरी पळत सुटते. घरी प्रश्न एकच असतो : पास झालास का?

पहिली ते चौथीच्या मुलापुरते या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य करणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या वर्गांत मुलाला मागे ठेवणे बंद झाले. पाचवी आणि आठवीला मात्र राज्याने २०२३ साली वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तिथे नापास झालेल्या मुलाला पुरवणी परीक्षेची संधी आहे, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. त्यामुळे पाचवीच्या घरातली आजची धाकधूक समजण्यासारखी आहे. पण दुसरीतल्या, तिसरीतल्या मुलाला आपण पास-नापास विचारतो तेव्हा त्याच्या वर्षाची खरी बातमी विचारायची राहूनच जाते.

ती बातमी काय असते? वर्तमानपत्रांत प्राथमिक शाळा येते ती छत गळते म्हणून, पट घसरला म्हणून, शिक्षकाची जागा रिकामी म्हणून. या बातम्या छापल्याच पाहिजेत. आम्हीही छापतो. पण त्याच गळक्या छताखाली मुलांचे एक अख्खे वर्ष पार पडलेले असते, आणि त्याबद्दल आम्ही क्वचितच लिहितो.

जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो. पहिलीत येणाऱ्या मुलांना कुठे बैलगाडीतून, कुठे ट्रॅक्टरमधून मिरवत आणतात, नवी पुस्तके देतात. त्याच्याही आधी, २०२२ पासून, शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. लहानगे मूल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, रंग ओळखते, वस्तू मोजते, उड्या मारते, चित्र पाहून गोष्ट सांगते, आणि त्याची आई ते पाहत शेजारी उभी असते. पावसाळ्यात वृक्षदिंडी आणि शाळेची परसबाग : मेथी, पालक, वांगी, शेवग्याचे झाड. त्यातली भाजी पोषण आहाराच्या खिचडीत पडते. आषाढीला टाळ-मृदंगाची दिंडी निघते. ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, चौथीतली मुलगी साडी नेसून पहिलीच्या वर्गावर जाते आणि दिवसभर 'गप्प बसा' म्हणून तिचा घसा बसतो. दिवाळीच्या सुटीआधी मातीचे किल्ले, आकाशकंदील, शुभेच्छापत्रे. हिवाळ्यात केंद्र, बीट, तालुका अशा पायऱ्यांनी खो-खो, कबड्डी, लंगडीचे सामने. मार्च २०२४ पासून आनंददायी शनिवारही आला आहे. त्या दिवशी दप्तराला सुटी असते.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो आनंद बाजार. कुठे त्याला बालआनंद मेळावा म्हणतात. मुले घरून पाच-पन्नास रुपयांचे भांडवल आणतात, कोणी भेळ लावतो, कोणी शेतातल्या बोरांचे आणि चिंचांचे ढीग मांडतो, कोणी आईने केलेली भजी विकतो. गिऱ्हाईक म्हणजे गाव. ज्या मुलाला पाटीवर हातच्याची वजाबाकी येत नाही म्हणून त्याच्या वहीत वर्षभर लाल रेघा पडल्या, तो पन्नासची नोट घेऊन बत्तीस रुपये कापून अठरा रुपये बरोबर परत देतो. पुढच्या गिऱ्हाइकालाही देतो. म्हणजे वजाबाकी त्याला येत होती, ती मांडण्याची रीत येत नव्हती. जो शिक्षक त्या वेळी तिथे उभा राहून हे पाहतो, त्याला त्या मुलाबद्दल एक गोष्ट कळते, जी कोणत्याही चाचणीच्या कागदावरून कळली नसती. सोमवारी वर्गात त्याच बोरांच्या हिशेबापासून सुरुवात करता येते. नफा झाला की तोटा, भांडवल वसूल झाले का, उरलेली बोरे कमी भावात विकली त्याचे काय झाले, हे सगळे गणित त्या मुलाने स्वतः करून झालेले असते.

स्नेहसंमेलनाचेही तसेच. लोकवर्गणीतून मंडप उभा राहतो, आयांच्या साड्यांचे पडदे होतात, एका रात्रीसाठी गाव शाळेच्या अंगणात जमते. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथे लावणी नाही तर पोवाडा खणखणीत म्हणते. वाचताना अडखळणारा मुलगा नाटकातले चार पानांचे संवाद तोंडपाठ करून येतो आणि शेजारच्याचेही वाक्य विसरू देत नाही. आता ही संमेलने सिनेमाच्या गाण्यांवरच्या नाचांनी भरून चालली आहेत, याचे आम्हाला वाईट वाटते. नाचाला आमचा विरोध नाही. पण मुलांनी स्वतः रचलेले दहा मिनिटांचे नाटुकले आठवडाभराच्या तालमींत जेवढी भाषा शिकवते, तेवढी ध्वनिफितीवर ओठ हलवून येत नाही.

शिक्षणहक्काचा कायदा आला तेव्हा मूल्यमापनाची रीत आखणाऱ्यांच्या मनात मुलाचे असे वर्षभराचे काम पाहणे हेच होते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. पहिली-दुसरीत ७० गुण आकारिक, म्हणजे वर्षभराच्या कामाचे, आणि संकलित परीक्षेचे फक्त ३०. तिसरी-चौथीत हेच प्रमाण ६० आणि ४०. आकारिकासाठी साधने आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. प्रगतिपत्रकात अ-१, ब-२ अशा श्रेण्यांखेरीज शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत भरायच्या तीन जागा ठेवल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक सत्राच्या शेवटी, प्रत्येक मुलासाठी. आमच्या मते राज्याच्या शिक्षणव्यवस्थेने मुलाला दिलेल्या मानाची ही सर्वांत मोठी खूण आहे. या ओळींतून मुलाला आणि त्याच्या घराला कळते की एका मोठ्या माणसाने वर्षभर आपल्याकडे लक्ष देऊन पाहिले.

त्या तीन जागांचे आज काय झाले आहे, हे बोलायलाच हवे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात. 'चित्रे काढण्याची आवड आहे', 'अवांतर वाचन करतो', 'अक्षर सुधारावे', 'गटकार्यात सहभागी होतो' अशी वाक्ये त्यांत असतात. एका वर्गातल्या पंचवीस मुलांच्या पत्रकांत हीच वाक्ये आलटून पालटून दिसतात. ज्याने बोरे विकताना चोख हिशेब केला त्याच्या पत्रकात 'गणितात सुधारणा आवश्यक' एवढेच उरते, आणि घरी त्याला तेवढेच ऐकावे लागते.

याचे खापर शिक्षकांवर फोडणे सोपे आहे. आम्ही ते फोडणार नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत. त्यांतल्या बहुतेकांत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, कुठे एकच. पोषण आहाराची रोजची नोंद, निरनिराळ्या पोर्टलवरची माहिती, मतदार याद्यांचे काम, प्रत्येक उपक्रमाचा फोटो मोबाइलवरच्या गटात टाकण्याचा तगादा, हे सगळे त्याच दोघांच्या माथी. २०२५ साली वार्षिक आणि नियतकालिक चाचण्या २५ एप्रिलपर्यंत ताणल्या गेल्या. तेव्हा पेपर तपासून, श्रेण्या काढून, नोंदी लिहून १ मेला निकाल द्यायला हातात पाच-सहा दिवस राहिले. असा घाईचा शिक्षक यादीतले वाक्य उचलणारच. फोटो मात्र मागितलेला असतो, म्हणून तो निघतो. असा फोटोपुरता केलेला उपक्रम मुलांनाही लगेच ओळखू येतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालले, आजी-आजोबांपाशी मूल राहिले, तर शाळा टिकते. नाही तर शिक्षण हमी कार्ड घेऊन मूल कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत जावे अशी सोय आहे, पण फडात झोपडी आज इथे तर महिन्याने तिथे. अशा मुलाच्या पत्रकात दुसऱ्या सत्राचा हजेरीचा रकाना जवळजवळ कोरा असतो. पण ते मूल त्या महिन्यांत रिकामे बसलेले नसते. त्याने धाकट्या भावंडाला सांभाळले, बैलांना वाढे घातले, पाणी भरले. गाडीत किती टन ऊस भरला आणि आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले हे बापाकडून रोज ऐकले. हे कौतुकाने सांगण्याचे नाही. मुलाच्या वाट्याला हे यायलाच नको होते. पण आलेच आहे तर परतल्यावर त्याला ते सांगू द्यावे, लिहू द्यावे, त्याच्या टनांवरून वर्गात गुणाकार व्हावा. जून उजाडेपर्यंत त्याला 'मागे पडलेला' याशिवाय दुसरे नाव मिळाले नाही, तर दिवाळीनंतर ते मूल कायमचेच फडाकडे जाते.

मुलाच्या अनुभवातून आणि उपक्रमांतून शिकवण्याची ही वाट आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मध्ये एक शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि गोष्टी, खेळ, नाटके यांवर वर्ष चालवून दाखवतो. त्यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी आणि कोसबाडला आल्या, आणि अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांच्याच परिसरातून शिक्षण उभे केले. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले ते उपक्रम हीच शिकण्याची मुख्य रीत मानून. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये तर हे सरकारी शाळांतच घडले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी फरशीवर, भिंतीवर, खड्यांनी आणि बियांनी वर्ग चालवला, आणि तो पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. पैसा फारसा कुठेच नव्हता. मुलांकडे बघायला वेळ काढलेली माणसे मात्र होती.

म्हणून शिक्षण विभागाकडे आमची मागणी साधी आहे. परीक्षा संपल्यापासून १ मेपर्यंतचे दिवस शिक्षकाकडे फक्त मुलांच्या नोंदींसाठी राहू द्या. त्या दिवसांत कोणतीही माहिती, कोणताही फोटो, कोणतीही बैठक मागू नका, आणि चाचण्या त्या बेताने आधी उरका. उपक्रमाचा पुरावा म्हणून फोटोऐवजी मुलांनी लिहिलेले एक पान मागा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण हिस्सा पालकांचा आहे. तिने आजच्या झेंडावंदनानंतर भाषणे आटोपती घ्यावीत आणि मुलांनाच वर्षात काय केले ते गावासमोर सांगू द्यावे. आनंद बाजारात किती विक्री झाली, परसबागेत काय पिकले, हस्तलिखितात कोणी काय लिहिले, लंगडीत कुठल्या फेरीपर्यंत मजल गेली. अर्धा तास पुरतो.

आणि पालकांना विनंती. पत्रक हातात आले की श्रेणीआधी 'आवड व छंद' ही ओळ वाचा आणि मुलालाही वाचून दाखवा. ती त्याची वाटत नसेल, शेजारच्या पोराच्या पत्रकातही तीच असेल, तर रागावू नका. शाळेत जाऊन बाईंजवळ, गुरुजींजवळ बसा आणि आपले मूल वर्गात कसे असते ते विचारा. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. बहुतेकांना ते कोणी विचारलेलेच नसते.