मोटारीच्या पोटाखालचा गंज

मोटार घेतांना आपले शेतकरी बंधू वरच्या रंगाची तकाकी न्याहाळतात; तिच्या पोटाखालीं वांकून पाहणारा विरळा. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथें तर तेंच आधीं पाहिलें पाहिजे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या ज्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली, तशा पुराचा गाळ गाडीच्या पोकळ्यांत एकदां शिरला कीं कित्येक दिवस ओल धरून बसतो. शिवाय वालधुनीच्या पात्रांत कारखान्यांचें सांडपाणी मिसळतें. अशा पाण्यांतील आम्ल व क्षार पत्र्यास लागले म्हणजे गंज नुसत्या पावसापेक्षां त्वरेनें चढतो.

पावसाळ्यापूर्वीं काळा लेप मारून घ्या, असें जो तो सांगतो. तेवढ्यानें भागतें हें आम्हांस पटत नाहीं. चिखल व जुना गंज न खरवडतां मारलेला लेप नसल्याहून वाईट. त्याच्या आड ओल कोंडते, पत्रा आंतून खात जातो, आणि धन्यास तें दिसतही नाहीं! वैशाखांत गाडी धुवावी, पूर्ण सुकवावी, गंज घासून काढावा, मग जस्तयुक्त अस्तर द्यावें व त्यावर लेप चढवावा. दारांच्या तळाचीं पाणी निथळण्याचीं भोकें कदापि बुजूं देऊं नयेत. कारागीर घाईंत हटकून तींच बुजवितो.

इंजिनाच्या खणांत पंपाचा जोरदार फवारा मारूं नये. तारांच्या जोडांत पाणी शिरतें. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुकटी, जोडतारा सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावी व टोकें कोरडीं करून, तारा पुन्हां जोडल्यावर वरून व्हॅसलीन लावावें.