पगडीचा पेच आणि ओंडक्याची गाठ

ऐतिहासिक चित्रपटावर आपल्याकडे जो वाद होतो, तो बहुधा शिंप्याच्या दुकानात शोभावा असा असतो. पगडीचा पेच त्या काळचा आहे काय, तलवारीची मूठ कोणत्या घडणीची, राणीने त्या रंगाचे लुगडे नेसले असते काय, यापुढे तो क्वचितच जातो. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’ची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा छत्रपती संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखविले म्हणून आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले. इतिहासाचे रक्षण झाले असे मानून बहुतेक मंडळी घरी गेली. त्याच चित्रपटाच्या शेवटी छळाचे जे प्रदीर्घ चित्रण आहे, तेथे कॅमेरा कोणाच्या जागी उभा राहतो, एका जखमेवर तो किती वेळ रेंगाळतो आणि पार्श्वसंगीत प्रेक्षकाला विचार करण्यास सांगते की मूठ वळण्यास, हे प्रश्नही इतिहासाचेच आहेत, असे फारसे कोणास वाटले नाही.

या आंधळेपणाला आपली शिकवणीची पद्धतही जबाबदार आहे. चित्रपटावर निबंध लिहावयाचा तर विद्यार्थी तीन कप्पे पाडतो: एकात तंत्र, दुसऱ्यात प्रतीके, तिसऱ्यात ऐतिहासिक सत्यता. पहिल्या कप्प्यात समीपदृश्ये मोजायची, दुसऱ्यात दिवा विझला म्हणजे मृत्यू असे कोष्टक मांडायचे आणि तिसऱ्यात बखरीशी ताळा जुळवायचा. तिन्ही कप्प्यांत गुण मिळतात. चित्रपट मात्र कोणत्याच कप्प्यात सापडत नाही. माझे म्हणणे असे की चित्रपटातील इतिहासाचा खरेखोटेपणा तंत्रातच ठरतो. जे दृश्य काळ, श्रम आणि स्पर्श यांविषयी खोटे बोलते, त्यातील पगडी कितीही खरी असो, तो इतिहास नव्हे.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे (१९३६) उदाहरण घ्या. त्यातील काही पदे शांताराम आठवले यांनी लिहिलेली आहेत. पण ती इतकी तुकोबांच्या वळणाची की अनेकांनी ती गाथेतलीच समजून घेतली. ताळा जुळविणाऱ्यांच्या न्यायाने हा अपराधच ठरावा! तरीही दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट आपण सोडीत नाही, कारण त्यात भुकेचा आणि घरकामाचा हिशेब चुकलेला नाही. गौरी यांची जिजाई म्हशीशी ज्या सुरात बोलते, त्या सुराचा पुरावा कोणत्याही दप्तरात मिळावयाचा नाही.

परंतु या मुद्द्याची खरी कसोटी मला महाराष्ट्राबाहेर, रायपूरच्या परिसरात दिसते. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला, तो इकडच्या खेड्यांत चित्रित झाला. त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. दिग्दर्शक बंगाली, कथा आणि भाषा हिंदी, आणि पडद्यावर स्मिता पाटील व मोहन आगाशे. मराठी समीक्षेने हा चित्रपट आपला म्हणून अभ्यासावयास हवा होता. तिने तो ‘रायबाबूंचे एक छोटे काम’ म्हणून बाजूस ठेवला.

गोष्ट चार ओळींची आहे. दुखी नावाचा चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारण्यास पंडित घासीरामाकडे जातो. मुहूर्ताच्या मोबदल्यात पंडित त्याला अंगण झाडायला, भुसा वाहायला आणि अखेर एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो. नुकताच तापातून उठलेला, उपाशी दुखी कुऱ्हाड चालवता चालवता मरतो. प्रेत उचलावयाचे कोणी?

ओंडका म्हणजे जातिव्यवस्था, असे समीक्षक लगेच सांगतात. सांगोत बापडे, चूक नाही. पण प्रतीकाचे हे भाषांतर केले की ओंडक्याचे लाकूडपण संपते, आणि रायांनी सारी मेहनत घेतली आहे ती त्या लाकूडपणासाठी. ओम पुरी घाव घालतात, कुऱ्हाड उसळते, पुन्हा घाव. हे काम कापून आटोपते घेतलेले नाही. प्रेक्षकाच्या खांद्यांना शीण जाणवेपर्यंत ते चालते. बिनमोल श्रमाला वेळ किती लागतो, ही वेठबिगारीच्या इतिहासातील मूळ गोष्ट. कागदपत्रांत ती एका शब्दाने उरकली जाते, येथे ती पूर्ण लांबीने सोसावी लागते. लांबी हे येथे तंत्र आहे, प्रतीक आहे आणि पुरावाही आहे. तीन कप्पे कोठे पाडणार?

स्पर्शाचेही तसेच. पंडिताची बायको विस्तव देते तो लांबून फेकून. पंडित प्रेताला हात न लावता काठीने पाय उचलतो, त्याखालून दोरीचा फास सरकवतो आणि मेलेली जनावरे टाकतात तेथवर ते ओढीत नेतो. सौमेंदू राय यांचा कॅमेरा त्या क्षणी आक्रोश करीत नाही. तो काठीचे आणि दोरीचे काम पाहतो, कारागिराचे काम पाहावे तसे. अस्पृश्यता ही केवळ भावना नव्हे, तिला अवजारे लागतात, हातोटी लागते, हे त्या दृश्याइतके स्पष्ट सांगणारा ऐतिहासिक ग्रंथ माझ्या वाचनात नाही.

यावर अचूकतावादी आक्षेप घेऊ शकतील, आणि तो हलका नाही. प्रेमचंदांचे खेडे उत्तर प्रदेशाकडचे. छत्तीसगडच्या चर्मकार समाजाचा इतिहास वेगळा. १७५६ मध्ये गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाने येथील फार मोठ्या समूहाला ब्राह्मणाच्या मुहूर्तावाचून जगण्याची वाट दाखविली होती. मनू नायक यांनी १९६५ साली ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटात सतनामी मुलगा आणि ब्राह्मण मुलगी यांच्या प्रेमाची कथा मांडली, ती याच भूमीतून. तेव्हा घासीदासांच्या मुलखात घासीरामासमोर वाकणारा दुखी उभा करणे हा प्रदेशाच्या इतिहासावर अन्याय नव्हे काय? काही अंशी आहे, असे मी म्हणेन. रायांनी जागा घेतली, जागेचे बंड घेतले नाही. पण हा दोष आपल्याला दिसतो तो पोशाखाची तपासणी केल्याने नव्हे. दृश्यात कोणाला बोलू दिले आहे आणि कोणाला नाही, हे पाहिल्याने. चित्रपटात ‘हे काम करू नकोस’ म्हणतो तो गोंड, जातीच्या उतरंडीबाहेरचा माणूस. दुखीच्या वस्तीला मात्र तो मेल्यावरच, प्रेत न उचलण्याच्या नकारातून, आवाज मिळतो.

मराठी वाचकाला येथे आणखी एक गाठ दिसावी. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर १९७६ मध्ये युक्त चित्रपट सहकारी संस्थेने चित्रपट केला, त्यात मोहन आगाशे नाना फडणवीस आणि ओम पुरी घाशीराम. पाच वर्षांनी तेच दोघे समोरासमोर आले, आणि या वेळी घासीराम हे नाव आगाशांकडे गेले. योगायोगच, तरीही सत्ताधाऱ्याच्या अंगणात दुसऱ्याच्या देहाचा वापर, हा दोन्हीकडचा विषय एकच. १९७२ मध्ये नाटक आले तेव्हा आपण नानांची बदनामी झाली काय यावर भांडलो. गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची ती भिंत दर प्रसंगी काय झाकते आणि काय उघडे करते, या रचनेतल्या इतिहासाकडे वळायला वेळ लागला.

हे सारे आज उगाळण्यास कारण आहे. नवा रायपूरजवळ माना-तूता येथे चित्रोत्पला फिल्म सिटी उभारण्यास २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तेथे वाडे उभे राहतील, दरवाजे, बुरूज, बाजारपेठा मागणीप्रमाणे मिळतील. आणि कधीतरी नागपूरकर भोसल्यांवरही चित्रपट निघेल. रतनपूरचे बिंबाजी भोसले त्यास योग्यच आहेत. नागपूरकरांचा अंमल इकडे १८५४ पर्यंत होता, रायपूरच्या जुन्या मराठी घरांना त्याचा अभिमान आहे, आणि तो असावा. चित्रपट निघाला की आपले जाणकार पगडी तपासण्यास पहिल्या रांगेत जाऊन बसतील. मी त्यांच्या शेजारी बसून एवढेच पाहीन की सुभेदाराची पालखी दारात येते तेव्हा कॅमेरा आत गादीवर आहे की खाली भोयांच्या खांद्याच्या उंचीवर. आणि पालखी उतरल्यावर दिग्दर्शक लगेच दरबारात जातो, की खांदे बदलून उभ्या राहिलेल्या त्या माणसांपाशी थोडा वेळ थांबतो.