पाणी द्यायचे, पण कधी?

दर मे महिन्यात आमच्या सरकारी रुग्णालयात असे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर दिसतात. दोघेही उन्हात राबलेले, दोघांनाही जुलाब-उलट्या, दोघांनाही सारखेच सलाईन. एकाला काही तासांत लघवी होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन उतरते. दुसऱ्याला डायलिसिस करावे लागते. फरक सलाईनच्या बाटल्यांत नसतो. दुसरा उशिरा आलेला असतो. तोवर त्याच्या मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींना इजा झालेली असते.

झाडांचेही असेच होते. ब्लूबेरीच्या झुडपात ते लवकर दिसते, म्हणून त्याचे उदाहरण घेऊ. मूळच्या उत्तर अमेरिकेतील या फळाच्या निर्यातीत आज पेरू हा देश आघाडीवर आहे. तिथल्या किनाऱ्यावर पाऊस जवळपास नाहीच. अँडीज पर्वतातून कालव्याने आणलेले पाणी ठिबकने देतात. या झुडपाची मुळे बारीक, बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली, आणि पाणी शोषणारे मूलरोमही त्यांना नसतात. त्यामुळे पाणी थांबले की झुडपाला लगेच जाणवते.

पानावर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म दारे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे उडून जाते. माती सुकू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते आणि दारे मिटतात. पाणी वाचते, पण प्रकाशसंश्लेषण, म्हणजे साखर तयार करण्याचे काम, मंदावते. इथपर्यंत यंत्रणा शाबूत असते. पाणी दिले की दारे उघडतात आणि थोड्याच दिवसांत काम पूर्ववत होते.

ताण लांबला की गोष्ट बदलते. दारे बंद असली तरी ऊन पडतच असते आणि हरितद्रव्य ते शोषतच असते. त्या ऊर्जेला वाट मिळत नाही, मग ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि पानातील यंत्रणेलाच इजा करतात. हरितद्रव्यातून बाहेर पडणाऱ्या मंद प्रकाशावरून ही इजा मोजता येते. निरोगी पानात हा निर्देशांक सुमारे ०.८३ असतो, इजा झाली की घसरतो. खोडातील जलवाहिन्यांतही हवेचे बुडबुडे अडकतात. आता पाणी दिले तर पाने कदाचित पुन्हा ताठ होतील, पण साखर पूर्वीइतकी तयार होईलच असे नाही. टवटवीत दिसणे म्हणजे बरे होणे नव्हे. शिवाय ब्लूबेरीच्या पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या उन्हाळा सरताना धरतात. त्या वेळची उपासमार पुढच्या हंगामात दिसते.

आपल्या बागायतदाराला यातले मर्म ठाऊक आहे. मोसंबी-डाळिंबाला बहर धरण्यासाठी तो मुद्दाम ताण देतो. हलकी जमीन असेल तर कमी दिवस, भारी असेल तर जास्त. आणि ताण तोडताना पाणी हळूहळू वाढवतो. हा मोजलेला ताण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मात्र ताण तोडायला पाणीच नव्हते. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या कितीतरी बागा जळाल्या. त्यानंतर आलेला पाऊस त्या झाडांच्या उपयोगाचा नव्हता, आणि नवी बाग फळावर यायला कित्येक वर्षे जातात.

तरीही दुष्काळ आला की आपण टँकर किती आणि मदत किती, हेच मोजतो. ती कोणत्या दिवशी पोहोचली, हे क्वचितच विचारतो. माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारायला हवा. फळबागा जगवण्याचे पाणी पाने गळाल्यानंतरच्या पंचनाम्यावर नव्हे, तर मातीतील ओलाव्याच्या मोजमापावर ठरावे. त्यासाठीचा टेन्शिओमीटर हे साधे उपकरण आहे. तोवर आच्छादनाने ओल टिकवता येते. थोडेच पाणी असेल तर ते वेळेवर देता येते.

माणसांबाबतही हेच. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांना तहान लागण्याची वाट न पाहता दर थोड्या वेळाने पाणी मिळाले पाहिजे, आणि ती सोय करणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. लघवी गडद पिवळी झाली की ती सूचना समजा. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. आठ-दहा तास लघवीच झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या. रात्री आलेला रुग्ण आम्हाला जड नाही. दोन दिवसांनी आलेला जड जातो.