काळोखातील नेकी
फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली ज्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळे चित्रपट, म्हटले ते अमेरिकन गुप्तहेरपट अनीती शिकवतात, हा आक्षेप उथळ आहे. जॉन ह्यूस्टनचा ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) पाहावा. ठार झालेल्या भागीदारावर सॅम स्पेडचा लोभ नव्हता. मन जडले होते ते खुनी स्त्रीवर. तरी तो तिला पोलिसांच्या हवाली करतो आणि लाचेची हजार डॉलरची नोटही त्यांच्यापुढे ठेवतो. ज्या मौल्यवान पक्ष्यासाठी रक्त सांडले, तो तर शिशाचाच निघतो! सज्जनाच्या सदाचाराचे नवल ते काय? मोहात बुडूनही धंद्याचा नेम न मोडणारा हा रुक्ष मनुष्य आपणां नोकरदारांना सुभाषितांहून अधिक शिकवतो. आक्षेपकांना काळोख तेवढा दिसला. माणूस दिसलाच नाही.