मुद्रणविन्यास : चूष की संहिता?

मराठी समीक्षेने कवितेचा आशय तपासला, प्रतिमा मोजल्या, लयीची चिकित्सा केली. पान मात्र तिने पाहिलेच नाही. ओळ तिरकी गेली, शब्द मध्येच फुटला, अक्षरे पानभर विखुरली, की समीक्षक एकच शब्द काढतात : चूष. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या संदर्भात तो इतका झिजला आहे, की उच्चारणाऱ्याला आपण मूल्यनिर्णय देत आहोत याचेही भान उरलेले नाही.

या बधिरतेला सैद्धांतिक पाठबळ आहे. मम्मटाने व्यंग्यरहित चित्रकाव्याला 'अवर' ठरवले. पद्मबंध, खड्गबंध त्याच अडगळीत गेले, आणि मोरोपंतांच्या रामायणांतील अक्षरक्रीडेकडे आपण आजही कसरत म्हणूनच पाहतो. पुढे मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ होय, असे प्रतिपादन केले. माध्यम एकदा अर्थच ठरले, की कागद, शाई आणि खिळा हे केवळ त्याचे हमाल उरतात. मर्ढेकरांशी अनेक बाबतीत भांडलेल्या पिढ्यांनी हे गृहीतक मात्र बिनतक्रार स्वीकारले.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. आपोलिनेर आणि कमिंग्ज यांची नावे घेतली, की प्रकरण मिटले! पण देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. कमिंग्जची सर्वांत परिचित क्लृप्ती येथे आणायची म्हटली तरी आणता येत नाही. येथे खेळायचे ते शिरोरेषेशी, वेलांटीशी, जोडाक्षराच्या सांध्याशी. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांतून हे वर्तमानपत्राच्या वाचकाला शिकवले. विद्यापीठांतील मराठी विभागांना ते शिकावेसे वाटले नाही.

अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, ही माहिती आपण चरित्राच्या परिच्छेदात टाकून मोकळे होतो. 'जेजुरी'च्या (१९७६) अखेरीकडे जोंधळ्याच्या शेतात कोंबड्या नाचतात, तेव्हा शब्दच पानावर वर-खाली उडालेले दिसतात. ते सरळ ओळीत जुळवून पाहावेत : नाचाचे फक्त वृत्त उरते, नाच जातो. पुस्तक इंग्रजी आहे ही सबब येथे चालणार नाही. डोळा एकाच द्वैभाषिक कवीचा आहे.

याचा अर्थ अक्षरांची प्रत्येक करामत अर्थपूर्ण असते, असे नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या रायगड जिल्ह्यात फलकावर 'शिव' शब्द आला, की वेलांटीची तलवार होते आणि शिरोरेषेवर भगवा चढतो. तो वेष आहे. साध्या अक्षरांत तोच शब्द लिहिला तर काहीही हरवत नाही, उलट थोडी शांतता मिळते. कसोटी एवढीच, की मांडणी काढून घेतल्यावर काय नाहीसे होते?

अलिबागजवळच्या अक्षी येथील शिळेला ही कसोटी लावावी. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तिचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. कालनिर्णयाबाबत मतभेद आहेत, ते असोत. गधेगाळीच्या परंपरेत वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरे, खाली गाढवाची शापप्रतिमा : दानाचे कायमपण आणि ते मोडणाऱ्याचे भवितव्य हे लिखित मजकुराच्या वर-खाली कोरलेले असते. ही क्रीडा नव्हे, हे मान्य. पण लेख आणि दृश्य मिळून संहिता होते, ही जाण आपल्याला पॅरिसहून मागवावी लागलेली नाही. अलिबाग-मुरूड पट्ट्यातील आमचा विद्यार्थी मात्र त्या लेखाचा फक्त मजकूर भाषेच्या इतिहासाच्या पुस्तकात, साध्या टंकात वाचतो आणि त्यातले भाषिक विशेष पाठ करतो.

सर्वांत बोचणारे उदाहरण र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे. अक्षरालाच कवितेचे द्रव्य मानणारा हा कवी-सुलेखनकार काव्यसमीक्षेच्या परिघावरच राहिला. आणि संगणकावरील 'मंगल' हा टंक त्यांचाच! वर्षानुवर्षे आमचे कित्येक प्रबंध, शोधनिबंध आणि प्रश्नपत्रिका त्याच टंकात उमटल्या. ज्याच्या दृश्यकवितेला आपण चूष म्हणालो, त्याच्याच अक्षरांत तो शेरा टंकित झाला.

तेव्हा मागणी व्यावहारिक आहे. अभ्यासक्रमातील काव्यसंग्रहांनी मांडणीनिष्ठ कविता नव्याने जुळवू नयेत, मूळ पानाचे छायाचित्र छापावे; ग्रंथालयांनी लघुनियतकालिकांचे मजकूर उतरवून ठेवण्याऐवजी सबंध अंक, मुखपृष्ठासह, जतन करावेत; आणि प्रश्नपत्रिकेत कवितेच्या ओळी तिरप्या रेघा मारून एकापुढे एक लिहिण्याची प्रथा येत्या परीक्षेपासून बंद व्हावी.